लाभ, दोन, तीन

त्या सोमवारी सकाळी ओवी मोहोडच्या डाव्या गुडघ्यात तीनशे बारा उड्या शिल्लक होत्या. ही गोष्ट दोन माणसांना ठाऊक होती आणि त्या दोघांत ओवी नव्हती.

त्यांतली एक तिची वहिनी. शर्वरी मोहोड ही ‘वऱ्हाड वाघिणी’ या अमरावतीच्या महिला बास्केटबॉल संघाची फिजिओथेरपिस्ट. बारा खेळाडूंच्या चोवीस गुडघ्यांना रोज सकाळी आळीपाळीने एक करडा पट्टा बांधायचा आणि टॅब्लेटवर आकडा उमटला की चेहरा बदलू द्यायचा नाही, अशी तिच्या कामाची दोन अंगे होती. दुसरे शिकायला तिला अधिक दिवस लागले होते.

“वहिनी,” टेबलावर पाय लांब करून बसलेली ओवी म्हणाली, “तुमी त्या स्क्रीनकडे अशा पाह्यता, जसा माह्या गुडघ्यात सिनेमाच लागला हाये.”

“रटाळ आहे सिनेमा.”

“मंग उजव्या गुडघ्यात पाहा. तिथं मारामारी असन.”

“हलू नकोस.”

“मी कुठं हालली? तुमीच पट्टा ओढून राह्यल्या.”

शर्वरीने पट्टा सोडला.

गुडघ्याच्या आत दोन हाडांना एकमेकांशी जखडून ठेवणारे लिगामेंट हा कोलॅजनच्या असंख्य तंतूंचा पिळलेला दोर असतो. खेळाडू उंच उडी मारून जमिनीवर उतरते तेव्हा त्यातले मूठभर तंतू तुटतात. शरीर ते पुन्हा विणते. मात्र विणण्याचा वेग तुटण्याच्या वेगापेक्षा कमी पडू लागला की दोर आतून विरत जातो आणि बाहेरून तसाच दिसत राहतो. पट्टा त्वचेवरून ध्वनिलहर सोडून या दोराचा ताठरपणा मोजत असे. तेवढे तंत्र जुनेच होते आणि जवळपास निरुपयोगी होते, कारण तुटण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दोराचा ताठरपणा फारसा बदलत नाही. नव्या शोधाने आजच्या लहरीला त्या गुडघ्याच्या पूर्वायुष्याची जोड दिली: लहानपणापासून त्याने किती उड्या झेलल्या आणि किती दिवस विसावा घेतला. भरून आलेली प्रत्येक जुनी उडीही आजच्या उडीच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याएवढा व्रण मागे ठेवते, असे आढळले होते. आजची लहर आणि कालचे व्रण एकत्र केले की उरलेल्या उड्यांचा आकडा निघे. पूर्वायुष्य यंत्र जुन्या सरावांच्या चित्रणांतून स्वतःच वाचून काढी. शून्यापाशी भिंत नव्हती, उतार होता. परंतु त्या उतारावर फार काळ उभे राहिलेले कुणी अद्याप नोंदले गेले नव्हते.

या शोधाचा उपयोग खेळाडूंचे गुडघे वाचवण्यासाठी व्हावा, अशी आशा शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात व्यक्त केली होती. व्यवस्थापक शेवटचे परिच्छेद वाचत नाहीत. ते तक्ते वाचतात.

आकडा ठाऊक असलेला दुसरा माणूस म्हणजे असाच एक तक्तावाचक, संघाचा व्यवस्थापक तन्मय पाटणकर. तो पुण्याहून आला तेव्हा वाघिणी आठ संघांच्या लीगमध्ये सलग पाच हंगाम आठव्या होत्या. त्याने पट्टा आणला, ही गोष्ट बाहेर कळू दिली नाही, आणि एकच नियम लावला: ज्यांचे गुडघे मोडणार आहेत त्या खेळाडू मोडण्याआधी दुसऱ्या संघांना द्यायच्या, आणि ज्यांचे गुडघे टिकणार आहेत त्या, इतरांना त्यांची किंमत कळण्याआधी, घ्यायच्या. दोन वर्षांत सात जणी गेल्या. त्यांपैकी पाच जणी दुसऱ्या संघाच्या जर्सीमध्ये, दुसऱ्या शहरातल्या मैदानावर कोसळल्या. वाघिणी पहिल्या वर्षी चौथ्या आल्या आणि या वर्षी उपांत्य फेरीत होत्या. क्रीडासमीक्षकांनी या पुनरुत्थानाचे श्रेय वऱ्हाडी जिद्दीला दिले. कारण ठाऊक नसले की आपल्याकडे जिद्द हा शब्द वापरतात.

खेळाडूंना पट्टा ‘सूज पाहायचा’ म्हणून सांगितला होता. कराराच्या चौदाव्या कलमानुसार शरीरातून निघालेली माहिती ही संघाची मालमत्ता होती आणि ती उघड करणारी फिजिओ पुन्हा कुठल्याही संघात काम करू शकली नसती. शर्वरीला या कलमाने गप्प केले असते तर ती निदान स्वतःला भेकड म्हणू शकली असती. पंधरा महिन्यांपूर्वी आकड्याचा अर्थ सांगताना पाटणकरने तिला अधिक प्रतिष्ठित कारण पुरवले होते. “भीतीने पाय ताठरतो, मॅडम,” तो म्हणाला होता. “ताठर पायावर उतरलं की तंतू दुप्पट तुटतात. तुम्ही आकडा सांगितलात, तर तुम्हीच तो अर्धा केलात.” हे शास्त्रीयदृष्ट्या खरे होते. मनुष्याला गप्प बसवण्यासाठी खोट्याची गरज क्वचितच पडते. योग्य जागी ठेवलेले एखादे सत्य पुरते.

सोमवारीच दुपारी त्याने तिला आपल्या खोलीत बोलावले.

“उपांत्य सामना गुरुवारी, अंतिम रविवारी नागपूरला,” तो म्हणाला. “ओवीला प्रत्येक सामन्यात साधारण ऐंशी-नव्वद उड्या लागतात. सराव कमी केला, तर अंतिम सामना संपताना तिच्याकडे सव्वाशे उरतील. बरोबर?”

“बरोबर.”

“हंगामानंतर चेन्नईला ती हवी आहे. बदल्यात दोघी देतायत. दोघींचे गुडघे चार हजारांच्या वर.”

शर्वरीच्या डोळ्यांसमोर सोनल गवई आली. सोनल ओवीची बालमैत्रीण. गेल्या वर्षी नव्वद उड्या शिल्लक असताना तिला दुसऱ्या संघाला दिले आणि तिथे ती पहिल्याच सामन्यात, पंधरा-वीस उड्यांत कोसळली. आता ती काठी घेऊन चालत होती. बाकीच्या चौघी आकड्याच्या आसपास मोडल्या होत्या. सोनल एकटीच फार आधी मोडली. पाटणकरने तेव्हा तिला ‘अपवाद’ म्हटले होते, जणू तो सोनलचाच एखादा गुण असावा.

“आठ महिने विसावा दिला तर दोर पुन्हा विणला जातो,” शर्वरी म्हणाली. “तिला देऊ नका. चषक जिंकलात तर तिला विसावा द्या.”

“आणि हरलो तर?”

“तर मी तिला सांगेन.”

पाटणकरने तिच्याकडे जरा कौतुकाने पाहिले. “तुम्ही सौदा करायला शिकलात. ठीक आहे. जिंकलो तर विसावा.” मग खुर्चीत मागे रेलून तो खुशीत म्हणाला, “तुमच्या सासऱ्यांना मात्र मानलं पाहिजे. आपल्या पहिल्या पाचही जणी त्यांच्या अंगणातल्या. मी नाही निवडल्या, यंत्रानं निवडल्या. देशातले सगळ्यांत ताजे गुडघे अमरावतीत, असं म्हणालं. इतका सराव आणि तरी ताजे. काय खायला घालायचे ते?”

“ज्वारी,” शर्वरी म्हणाली.

“आणि ती लाबा कोण?”

“कोण?”

“यंत्राने त्यांच्या जुन्या ध्वनिफितींवरून मुलींची यादी केली आहे. त्यात लाबा नावाची एक आहे. तुमचे सासरे तिला प्रत्येक वेळी सगळ्यांत आधी हाक मारतात. नऊ वर्षांत एक दिवस खाडा नाही. अशी नियमित मुलगी कुठे गेली, हे मला शोधायचं आहे.”

“मेळघाटातली असेल कुणी,” शर्वरी म्हणाली. “ते तिकडच्या मुली आणायचे. मी तेव्हा या घरात नव्हते.”

ती मूळची नाशिकची. डोंगरातल्या मुलीचे नाव आपल्या कानाला अनोळखी वाटणारच, असे तिने सहज गृहीत धरले, आणि हे गृहीतक तिला त्या वेळी अगदी सुसंस्कृत वाटले.

तिचे सासरे पुंडलिकराव हे बाजार समितीतले निवृत्त मापारी. बेचाळीस वर्षे धान्याच्या काट्याशेजारी उभे राहून त्यांनी ज्वारी, तूर आणि सोयाबीनची मापे मोठ्याने मोजली. मधल्या काळात कधीतरी शेजारच्या शाळेच्या अंगणातल्या मोडक्या बास्केटबॉलच्या खांबाखाली त्यांनी वस्तीतल्या मुली जमवल्या. त्यांना खेळाचे नियम निम्मेच येत होते. उडी मात्र कळत होती. पहाटे दहा-दहा उड्यांचे बारा फेरे, वर्षातले तीनशे दिवस. मुली खरोखर मैदानावर आहेत याची त्यांच्या आयांना खात्री पटावी म्हणून ते खिशातल्या मोबाइलवर आपल्या मोजण्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवीत. ओवी नवव्या वर्षी त्या अंगणात उतरली आणि अठराव्या वर्षी अकादमीत गेली. त्याच वर्षी त्यांनी वर्ग बंद केला. शर्वरी सून म्हणून आली ती पुढच्या वर्षी. नऊ वर्षांच्या त्या ध्वनिफिती त्यांनी मेमरी कार्डांवर भरून एका डबीत जपून ठेवल्या होत्या, आणि ती डबी दोन वर्षांपूर्वी ‘संशोधनासाठी’ म्हणून शर्वरीनेच पाटणकरच्या हाती दिली होती. खिशातल्या मोबाइलला मुलींचे पाय दिसत नव्हते. यंत्राने आवाजावरून उड्या मोजल्या.

त्या संध्याकाळी घरी जेवताना ओवी सोनलला भेटून आली होती.

“मी तिले म्हटलं, तुह्यं नशीबच खराब,” ती भाकरी मोडत म्हणाली. “तर रडाले लागली. मले समजलंच नाही काय बोलू.”

“नशिबाचं नको बोलू,” पुंडलिकराव म्हणाले. “माह्या हाताखाली वाढलेली पोरगी अशी सोळा उड्यांत मोडत नसते. कोनं तरी तिच्याकडून जास्त काम घेतलं.”

“कोन घेईन बाबा? आमच्याकडे तर वहिनी हाये. रोज पट्टा लावून पाह्यते. जराशी सूज दिसली का बसवते.” ओवीने शर्वरीच्या ताटात आपली अर्धी भाकरी टाकली. “खा ना वहिनी. तुमी वाळून राह्यल्या.”

शर्वरीने ती भाकरी खाल्ली. अंतिम सामन्यानंतर सव्वाशे उरतील, असे ती प्रत्येक घासागणिक मनाशी म्हणत होती. आकडा हा तिचा धर्म झाला होता: त्याच्यापाशी दया नव्हती, पण फसवणूकही नव्हती, असे तिला वाटे. सव्वाशे म्हणजे पुरेसे अंतर. तेवढ्या अंतरावरून मोठ्या दुर्घटनेकडेही सभ्यपणे पाहता येते.

गुरुवारी वाघिणी जिंकल्या. ओवीने चौऱ्याऐंशी उड्या घेतल्या, आणि त्यांतली प्रत्येक शर्वरीने टॅब्लेटवर पडताळून पाहिली. सराव धरून रविवारी सकाळी आकडा दोनशे चौदा होता. गणित जुळत होते.

रविवारी दुपारी चार वाजता चेन्नईविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी नागपूरच्या बंदिस्त क्रीडागृहात नऊ हजार माणसे होती. पुंडलिकराव पांढरे धोतर नेसून आले होते आणि सुरक्षारक्षकांशी हुज्जत घालून थेट मैदानाच्या कडेपर्यंत पोचले होते. सामन्याला वीस मिनिटे होती. खेळाडू अंग मोकळे करत होत्या. ओवी धावत त्यांच्यापाशी आली.

“बाबा, दहा मोजून द्या. पयल्यासारखं.”

“इथं? एवढ्या लोकांत?”

“कायले लाजता? बाजारात तर सारं गाव ऐकत होतं.”

प्राची काळमेघ आणि उरलेल्या तिघीही हसत येऊन ओवीच्या शेजारी ओळीत उभ्या राहिल्या. पाचही जणी त्याच अंगणातल्या. पुंडलिकरावांनी घसा साफ केला, कानामागे हात नेला आणि धान्याच्या आवारात दूरवर जाईल अशा आवाजात पहिली आरोळी दिली:

“लाऽबा!”

पाच जणी उडून खाली उतरल्या.

“दोन! तीन! चार!”

शर्वरीची नजर टॅब्लेटवर होती. ओवीच्या गुडघ्यावरचा पट्टा जिवंत उडी स्वतः मोजत असे. दोनशे चौदाचे दोनशे तेरा झाले, तेव्हा सासऱ्यांनी अजून मोजायला सुरुवातच केली नव्हती, असे तिला वाटले. त्यांनी कुणाला तरी हाक मारली होती. ‘दोन’ला दोनशे बारा झाले. ‘दहा’ला दोनशे चार. पट्ट्याने दहा उड्या मोजल्या होत्या. तिच्या कानांनी नऊच आकडे ऐकले होते.

ती सासऱ्यांजवळ गेली.

“बाबा, तुम्ही एक का नाही म्हणालात?”

“एक कोन म्हनते?” ते धापा टाकत, आनंदात होते. “मापारी एक म्हनत नसते, पोरी. पयलं माप लाभाचं. लाभ, दोन, तीन. माह्या बापानंही असंच मोजलं.”

“आणि लाबा?”

“लाभच ते. दूर आवाज जावा म्हनून लांबवा लागते.”

“मुलींच्या उड्याही नेहमी अशाच मोजल्यात? नऊ वर्षं?”

“मंग? पोरींसाठी काय नवं मोजनं शिकू?”

शर्वरीने ओवीच्या पूर्वायुष्याचा तक्ता उघडला. तो तिने यापूर्वीही पाहिला होता. बेरीज पाहिली होती. आता तिने ओळी पाहिल्या. पहिला फेरा: नऊ. दुसरा: नऊ. तिसरा: नऊ. नऊ वर्षे, खाली खाली, नऊ. यंत्र घडवणाऱ्या कुणा सावध अभियंत्याने फेऱ्यातला शेवटचा आकडा न धरता उच्चारलेले आकडे मोजायचे ठरवले होते, कारण प्रशिक्षक मध्येच आकडे गाळून फसवतात असा त्याचा अनुभव होता. हा प्रशिक्षक फसवत नव्हता. त्याने ‘एक’च्या जागी एक मंगल शब्द ठेवला होता, आणि तो शब्द आकडा नसल्याने यंत्राने त्याला मुलगी ठरवले होते. लाबा रोज येई, सर्वांच्या आधी हाक घेई आणि कधीच उडत नसे. तिच्या वाटच्या उड्या इतरांनी मारल्या होत्या आणि त्या कुणाच्याच नावावर नव्हत्या.

दिवसाला बारा. वर्षाला तीन हजार सहाशे. नऊ वर्षांत बत्तीस हजार चारशे. त्यांचा शंभरावा हिस्सा, तीनशे चोवीस. दोनशे चारमधून तीनशे चोवीस गेले.

ओवी शून्याच्या पलीकडे एकशेवीस उड्या उभी होती. कधीपासून, हे काढण्यासाठी शर्वरीला कागदाची गरज नव्हती. सोमवारी जेव्हा तिने शांत चेहऱ्याने पट्टा सोडला, तेव्हाच तिथे काही उरलेले नव्हते. आणि अंगणात दोन वर्षे उडालेली सोनल लवकर मोडली नव्हती; तिच्या नव्वदांतले बहात्तर आधीच गेलेले होते. ती वेळेवर मोडली होती.

पाटणकर खेळाडूंच्या बाकामागे उभा होता. त्याने पूर्ण ऐकून घेतले. मधे एकदाही तोडले नाही. शर्वरीला ही गोष्ट पुढे सर्वांत जास्त आठवत राहिली.

“म्हणजे यंत्र चुकलं,” तो म्हणाला.

“आपण चुकलो.”

“पण पाहा ना. तुमच्या हिशेबाने ती कधीच मोडायला हवी होती. ती उभी आहे. याचा अर्थ मर्यादाच पुढे असावी.”

“किंवा पुढची उडी शेवटची असावी.”

“दोन्ही शक्य आहे,” त्याने मान्य केले. एखाद्या परिसंवादात करावे तितक्या मोकळेपणाने मान्य केले. “पण आत्ता, सामन्याला बारा मिनिटं असताना तुम्ही तिला सांगितलंत, तर तिचा पाय ताठरणार, हे मात्र नक्की आहे. शक्यता आणि खात्री यांत तुम्ही शास्त्राच्या बाजूने राहाल ना? पंधरा महिने राहिलात.”

“पाचही जणी तुम्ही ताजे गुडघे म्हणून निवडल्या,” शर्वरी म्हणाली. “त्या ताज्या नव्हत्या. त्यांच्या उड्यांतली दर दहावी मोजलीच नव्हती. इतरांपेक्षा त्या जास्त झिजलेल्या होत्या आणि म्हणूनच यंत्राला कमी झिजलेल्या दिसल्या. तुमचा सगळा संघ या एका न मोजलेल्या उडीवर उभा आहे.”

पाटणकरचा चेहरा पहिल्यांदा बदलला. त्याने बाकावरच्या पाच पाण्याच्या बाटल्यांकडे एकामागून एक पाहिले. तो घाबरला असे शर्वरीला वाटले. मग तिच्या लक्षात आले की तो मोजत होता. लीगमध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत कधी सुरू होते, ते.

ती ओवीकडे गेली. ओवी खाली बसून बुटांच्या नाड्या आवळत होती. शर्वरी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“ओवी, तुझ्या डाव्या गुडघ्यात काही उरलेलं नाही.”

“म्हंजे?”

शर्वरीने सांगितले. चार-पाच वाक्येच लागली. पंधरा महिने जे बोलता आले नव्हते, ते इतके थोडे होते.

ओवीने नाडीची गाठ पुरी केली. “तो पट्टा सुजेचा नव्हता?”

“नाही.”

“तुमाले कवापासून माहीत हाये?”

“पंधरा महिने.”

“सोनलचं?”

“तेही.”

“मी तिले म्हटलं, तुह्यं नशीब,” ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. मग तिने मान वर करून मैदानावर चेंडू टोलवत असलेल्या चौघींकडे पाहिले. “आन ह्या?”

“त्याही त्याच अंगणातल्या.”

“त्यायचं किती उरलं?”

“मी मोजलं नाही.”

“काहून?”

वेळ नव्हता, असे शर्वरी म्हणाली. ते खरे होते आणि तेवढेच नव्हते.

ओवीने पट्टा काढला, घडी घातली आणि वहिनीच्या मांडीवर ठेवला. उठताना तिने जमिनीला हात टेकला. यापूर्वी ती कधीच हात टेकून उठलेली नव्हती. ती चालत मैदानावर गेली आणि तिने चौघींना जवळ घेतले. पाच डोकी एकत्र आली. तिथे काय बोलले गेले ते शर्वरीला ऐकू आले नाही. फक्त एकीचा हात नकळत आपल्या गुडघ्याकडे गेला, मग दुसरीचा, असे तिला दिसले.

पंचांनी चेंडू उंच फेकला. चेन्नईची खेळाडू उडाली. तिच्यासमोर उभी असलेली प्राची काळमेघ उडाली नाही. चेंडू गेला.

सुरुवातीला लोक हसले. समालोचकांनी दहा मिनिटे याला नवी व्यूहरचना म्हटले आणि तिची कारणेही दिली. पाच जणी मैदानभर चालत होत्या. कुणी रिबाउंडसाठी उडत नव्हते, कुणी वळताना पाय आपटत नव्हते. त्या चेंडू जमिनीलगत एकमेकींना देत होत्या आणि पाय जमिनीवर ठेवूनच तो बास्केटकडे फेकत होत्या. राखीव खेळाडू पाठवा, असे पाटणकर ओरडला. बाकावरच्या सात जणींपर्यंत एव्हाना गोष्ट पोचली होती; त्यांनी एकमेकींकडे पाहिले आणि आपल्या आकड्यांविषयी त्यांनाही काही ठाऊक नाही, हे त्यांच्या लक्षात आले. कुणी उठले नाही. नऊ हजार माणसे हळूहळू गप्प झाली. खेळाडूंच्या बुटांचा आवाज ऐकू यावा, इतकी गप्प.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये प्राची विसरली. चेंडू तिच्या डोक्यावरून जात होता आणि अंगणातल्या इतक्या वर्षांची सवय तिच्या पायांना होती. ती उडाली, तिने चेंडू पकडला आणि ती खाली आली. काहीच झाले नाही. ती उभी होती. चेंडू छातीशी धरून ती आपल्या पायांकडे पाहत राहिली, दुसऱ्या कुणाचे तरी पाय चुकून आपल्याला लागले असावेत तशी. पाच सेकंदांनी पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा तिने चेंडू खाली ठेवला आणि ती रडू लागली. त्यानंतर तीही विसरली नाही.

भीतीने पाय ताठरतो, हे पाटणकरचे म्हणणे अगदी बरोबर होते.

वाघिणी त्रेसष्ट गुणांनी हरल्या. अंतिम सामन्यात इतका मोठा पराभव कुणाच्या पाहण्यात नव्हता. टाळ्या झाल्या नाहीत, शिव्याही झाल्या नाहीत. पाटणकर फोन कानाला लावून बाहेर गेला होता.

क्रीडागृहाच्या मागच्या दारापासून बसपर्यंत एकवीस पायऱ्या उतराव्या लागत. शर्वरी बॅग घेऊन वरच उभी होती. खाली, बसच्या दाराशी, पुंडलिकराव वाट पाहत होते. त्यांना कुणी काहीच सांगितले नव्हते. हरलेल्या मुलींना उभारी द्यावी म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले.

“या ना वो पोरींनो. हारले तर हारले. उतरा खाली.”

ओवी पहिल्या पायरीच्या काठापर्यंत आली आणि थांबली. तिच्या मागे चौघी थांबल्या. सकाळी याच पायऱ्या त्या दोन-दोन पायऱ्यांच्या उड्या घेत चढून गेल्या होत्या. शर्वरीने हात पुढे केला. ओवीने तो पाहिला आणि घेतला नाही.

“वहिनी,” तिने खालच्या पायरीवरची नजर न काढता विचारले, “पायरी धरतात का त्याच्यात?”

शोधनिबंधात पायऱ्यांचा उल्लेख नव्हता. “मला माहीत नाही,” शर्वरी म्हणाली. आकड्यामागे न लपता तिने ओवीला दिलेले हे पहिलेच उत्तर होते आणि त्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

ओवीने कठडा दोन्ही हातांनी धरला. उजवा पाय खाली टेकवला, डावा अलगद त्याच्याशेजारी आणून ठेवला, आणि ती बापाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “लाबा.”